विहिणींचं एकमत

शोभनाताई सांगलीहून दुबईला आल्या त्या मुलाचं लग्न मोडायला. शेजारीपाजारी मात्र "लेकाकडे जरा राहून येते" एवढंच सांगितलं होतं. लेक अंश दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरीला होता आणि त्यानं तिथलीच एक पोलिश मुलगी पसंत केली होती. नादिया तिचं नाव. तिच्या आईवडिलांचं त्याच भागात एका टॉवरच्या तळमजल्यावर छोटंसं हॉटेल होतं. आई रांधायची, बाप वाढायचा आणि सुट्टीच्या दिवशी नादिया गल्ल्यावर बसायची.

भेटीच्या दिवशी शोभनाताई घरूनच पोटभर आमटीभात जेवून निघाल्या. उपाशीपोटी दुसऱ्याच्या दारात गेलं की माणूस नमतं घेतो, हे पतपेढीच्या खिडकीमागे बसून त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं.

"आई, तिथे व्हेज मिळतं. मी कन्फर्म केलंय," अंश गाडीत म्हणाला.

"मिळू दे की. मला भूक कुठे आहे?"

हॉटेलात मोजकीच टेबलं आणि खिडक्यांना क्रोशाचे पडदे होते. नादियाची आई हालिनाबाई हात पुसत बाहेर आल्या. गोऱ्यापान, रुंद खांद्यांच्या. हसल्या नाहीत. शोभनाताईही हसल्या नाहीत. मुलंच काय ती दोघींच्या वाटचं हसत राहिली.

आधी काकडी आली, आंबटसर दाट सायीत कालवलेली, वर शेपू भुरभुरलेला. ही तर कोशिंबीर, फक्त फोडणी द्यायची राहून गेली, असं शोभनाताईंनी ठरवलं. मग आलं बिटाचं लालभडक सार. आणि मग पिएरोगी.

"करंज्या तळायच्या विसरल्या वाटतं," शोभनाताई मराठीत पुटपुटल्या.

"उकडलेल्याच असतात, आई. आत बटाटा आणि चीज."

नावं ठेवायला तरी चव बघायला हवी, म्हणून त्यांनी एक तोंडात टाकली. पातळ, मऊ पारी, आत आंबूस सारण, वर लोण्यात परतलेला कांदा. दुसरी त्यांनी काट्यानं उचलून उजेडात धरली. कडेची मुरड इतकी बारीक आणि एकसारखी होती, की त्यांना राहवेना. सांगलीत त्यांच्या आळीत दिवाळीच्या करंज्यांना मुरड घालायला त्यांनाच बोलावणं यायचं.

"अरे, विचार तिला, ही मुरड हातानं घालते का मशीननं?"

अंशनं विचारलं. हालिनाबाईंचा चेहरा पडला. मशीन? त्यांनी शोभनाताईंचं मनगट धरलं आणि त्यांना थेट स्वयंपाकघरात नेलं.

बाहेर मुलांनी एकमेकांना टाळी दिली.

आत दोघी कणकेच्या गोळ्यासमोर उभ्या राहिल्या. हालिनाबाईंना इंग्रजी जेमतेम यायचं. डिलिव्हरीवाल्या पोरांमुळे थोडं हिंदी मात्र कानावर होतं. शोभनाताईंना हिंदी बोलता यायचं, इंग्रजी मात्र कानावर पडलेलं तेवढंच. दोघींनी शेजारी शेजारी एकेक पारी दुमडली, एकमेकींचं काम तिरक्या नजरेनं पाहिलं आणि मान डोलावली. मग हालिनाबाईंनी दाराकडे बघत आवाज खाली आणला.

"माय नादिया, कुकिंग झीरो. गुस्सा बहुत. युअर बॉय हंग्री रहेगा."

शोभनाताईंना भरून आलं. इतकी सरळ बाई त्यांना किती वर्षांत भेटली नव्हती!

"मेरा अंश भी कुछ नहीं करता. चाय का कप भी वहीं छोड़ता है. और नखरे! हर चीज में नमक कम."

"दिस मॅरेज, नो गुड."

"नो गुड!"

"खलास?"

"खलास," शोभनाताई म्हणाल्या आणि दोघींनी पिठाळलेले हात मिळवले.

त्या हसतमुखानं बाहेर आल्या. अंशनं आनंदानं आईला मिठीच मारली. आता लगेच सांगणं बरं दिसेना. कधी आणि कसं सांगायचं हे ठरवायला दोघींना पुन्हा भेटणं भागच होतं. म्हणून शोभनाताई दुसऱ्या दिवशी गेल्या, तिसऱ्याही दिवशी गेल्या. एकदा बटाट्याच्या किसाची धिरडी झाली, एकदा सुक्या फळांचं सरबत. मुलांचा विषय काढायचं रोज ठरायचं आणि रोज राहून जायचं. शोभनाताईंनी परतीचं तिकीट पुढे ढकललं.

इकडे अंश आणि नादिया मात्र बिथरले. आयांशी भांडण्यात जी ताकद जायची, ती रिकामी झाली होती. घर कुठे घ्यायचं, कुत्रा पाळायचा का, असल्या गोष्टींवरून ते एकमेकांशीच भांडू लागले. एका संध्याकाळी अंश उतरलेल्या चेहऱ्यानं घरी आला.

"आई, आमचं संपलं."

ज्यासाठी इतका विमानप्रवास केला, ते विनासायास झालं होतं. देवापुढे साखर ठेवायची ती वेळ. पण शोभनाताई ताडकन उठल्या.

"अरे गाढवा! आता मी हालिनाकडे कुठल्या तोंडानं जाऊ?"

त्या गेल्याच. हालिनाबाई रडत कांदे चिरत होत्या, त्यामुळे नक्की कशानं रडताहेत ते कळेना.

"वुई विन," हालिनाबाई म्हणाल्या.

"हो ना," शोभनाताई म्हणाल्या आणि लाटणं घेऊन बसल्या.

पुढे नादियाला तिच्याच देशाचा एक इंजिनिअर मिळाला. आईला हवा होता अगदी तसा, शांत आणि आज्ञाधारक. तो हॉटेलात पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा शोभनाताई, तिकीट पुन्हा पुढे ढकलून, आतच होत्या. दोघी दाराच्या फटीतून बघत होत्या. त्यानं वाढलेलं सगळं मुकाट्यानं संपवलं, आणखी वाढलेलंही संपवलं आणि सूप फार छान आहे म्हणाला.

हालिनाबाईंनी कपाळाला हात लावला. "सूप में आज नमक भूल गयी."

"त्याला कळलं पण नाही?"

"नो." हालिनाबाई खिन्नपणे स्टुलावर टेकल्या. "युअर बॉय... कम्प्लेंट करता. गुड बॉय."

शोभनाताईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. हेही लग्न मोडावं लागणार, हे दोघींनाही कळून चुकलं होतं.