रविवारची परात

यासीनने मासळी-भाताची परात अंगणातल्या चटईवर टेकवली आणि त्याच वेळी तिचा नवरा बिरान आतून एक ताटली घेऊन बाहेर आला. बशीपेक्षा जरा मोठी, एवढीच. सगळ्यांनी मिळून जेवायच्या त्या परातीभोवती त्याची थोरली बहीण आवा आणि दोन पुतणे हात धुऊन बसले होते. सगळे त्या ताटलीकडे बघायला लागले.

"कोणी पाहुणा यायचाय का?" आवाने विचारलं.

"नाही, मलाच. पोट जड वाटतंय हल्ली."

परातीच्या कडेचा मूठभर भात, गाजराचे दोन तुकडे आणि थोडा मासा ताटलीत घेऊन तो बाजूच्या स्टुलावर जाऊन बसला. यासीनने नेहमीप्रमाणे माशाच्या गालाकडचा मऊ तुकडा त्याच्या पुढ्यात सारायला मोडून घेतला होता. तो क्षणभर तिच्या बोटांतच राहिला. मग तिने तो धाकट्या पुतण्यापुढे सरकवला.

सेनेगलमधल्या डकार शहरात, योफ भागात बिरान गाडी चालवायला शिकवत असे. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा, यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. मध्यंतरी एका बाईंना शिकवताना समोरची घोडागाडी त्याला धूसर दिसली आणि ब्रेक दाबायला उशीर झाला. कोणाला लागलं नाही, पण तो घाबरला. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि साखर झाल्याचं सांगितलं. भात निम्म्यावर आणा, गोड बंद करा आणि रोज घाम येईस्तोवर चाला, म्हणाल्या. घरच्या परातीचं काय, असं त्याने विचारलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "कधीमधी चालेल की."

रस्त्यावर आल्यावर त्याच्या डोक्यात आलं, कधीमधी म्हणजे नक्की किती? त्याच्या गल्लीत एका आठवड्यात बारसं असे, लग्न असे, कोणाच्या तरी मुलाचं परदेशाहून येणं असे. ही सगळी कधीमधीचीच जेवणं होती. चहाच्या कोंडाळ्यातला मित्र म्हणाला, तिसरा, सगळ्यात गोड पेला बिनसाखरेचा घे म्हणजे झालं. आवाचं मत होतं की बारीक माणसाला नजर लगेच लागते. संध्याकाळी समुद्रकाठी वाळूत लोकांकडून कसरत करून घेणारा लामिन म्हणाला, "काका, सहा दिवस माझं ऐका, सातव्या दिवशी जिभेचं ऐका." एवढं एक बिरानला नीट समजलं. त्याने रविवार ठरवला.

यासीनला मात्र त्याने साखरेबद्दल सांगितलं नाही. तिच्या हातच्या भातासाठी तीन गल्ल्या पलीकडून माणसं येत. साखर झाली म्हणणं म्हणजे तिच्या पातेल्याकडे बोट दाखवणं, असं त्याला वाटलं. गुपचूप बारीक व्हावं, दुखणंही गुपचूप निघून जाईल.

तो खरंच बारीक झाला. रोज संध्याकाळी बूट घालून किनाऱ्यावर जायचा, पोरांमध्ये उड्या मारायचा आणि धापा टाकत, पण खुशीत परतायचा. विजार कंबरेवरून घसरायला लागली. घरात मात्र काहीतरी बिनसत चाललं होतं आणि ते काय, हे त्याच्या लक्षात येत नव्हतं. यासीन साध्या दिवशीही शेंगदाण्याचं दाट कालवण करू लागली. तिने केस नव्याने विणून घेतले. संध्याकाळी खोलीत धूप दरवळू लागला. बिरानला वाटलं, सण जवळ आला असेल.

रविवारी तो परातीला बसला की मागचापुढचा विचार न करता जेवायचा. तळाची खरपुडीसुद्धा सोडायचा नाही. मग सोमवारी अपराध्यासारखा दुप्पट चालायचा. जेवताना यासीन त्याच्याकडे असं काही बघायची, जणू हा माणूस बाकीचे सहा दिवस कोणाकडे जेवतो याचा तिला अंदाज घ्यायचाय.

एका दुपारी तो उंबऱ्यावर बसून बुटातली वाळू झाडत होता. यासीन शेजारी येऊन उभी राहिली.

"घर कुठे बघितलंत तिच्यासाठी?"

त्याला वाटलं, ती थिएसला दिलेल्या मुलीबद्दल बोलतेय. "पेंदासाठी? तिला काय झालं? तिचं घर आहे की."

"वेड पांघरू नका, पेंदाचे बाबा. शेजारीण मला तोंडावर म्हणाली, पन्नाशीनंतर पोट आत घेणारा पुरुष दुसऱ्या मांडवाची तयारी करत असतो. कोण आहे ती? गाडी शिकायला येणारी आहे?"

बिरान हसायला लागला आणि तिचे डोळे बघून थांबला. मग त्याने सगळं सांगितलं. घोडागाडी, रक्त, डॉक्टरीणबाई. सांगताना त्याला हलकं वाटलं. आता तिचीही काळजी मिटेल, असा त्याचा हिशेब होता.

यासीन भिंतीला टेकली.

"म्हणजे माझ्या हातचं खाऊन," ती म्हणाली.

"तसं कोण म्हणालं? मी म्हणालो का?"

"नाही म्हणालात. म्हणूनच लपवलंत ना?" तिने ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं. "सवत आली असती तर मी तिच्याशी भांडले असते. आता कोणाशी भांडू?"

ती आत गेली. बिरान एक बूट हातात धरून तिथेच बसला. सवत आणली असती तर ती भांडली असती, खरं सांगितलं तर गप्प झाली. त्याला काही उमजेना. त्या संध्याकाळी तो किनाऱ्यावर गेला नाही, आणि न जाऊन बरं केलं की वाईट, तेही त्याला कळलं नाही. पुढचे दिवस यासीन मोजकं बोलली. त्याची ताटली ती स्वतःच भरून देऊ लागली, पण ठेवताना बघत नसे.

रविवारी सकाळी उशिरापर्यंत स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज आला नाही, म्हणून तो डोकावला. कांदा चिरलेला होता, मासे भरून तयार होते, पातेलं चुलीवर रिकामं तापत होतं. यासीन तेलाची बाटली वाकडी धरून उभी होती आणि ओतत नव्हती.

त्याची चाहूल लागली तशी वर न बघता तिने विचारलं, "किती घालू?"

इतक्या वर्षांत तिने हे कोणाला विचारलेलं त्याला आठवेना. त्याने पातेल्यात वाकून पाहिलं.

"नेहमी किती घालतेस?"

"मला नाही माहीत," यासीन म्हणाली. "मी कधी बघितलंच नाही."

तिने थोडं तेल ओतलं, थांबली आणि त्याच्याकडे पाहिलं. मान हलवावी की नको, ते त्याला ठरवता येईना. तिने आणखी एक धार सोडली. तेल तापून त्यावर धूर दिसायला लागला, तरी कांदा बाजूलाच राहिला होता आणि दोघंही वाकून पातेल्यात बघत उभी होती.