बाईंचा निरोप

भूगोलाच्या सरांना अख्खी शाळा ‘रेडिओ’ म्हणायची. सरांना ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. रोज पहिली घंटा झाली की ऑफिसातल्या माइकसमोर उभं राहून ते शाळेच्या बातम्या वाचायचे. धावण्याच्या शर्यतीत आपल्या मुली दुसऱ्या आल्या. ग्रंथालयाची पुस्तकं बुधवारपर्यंत परत करावीत. निळ्या झाकणाचा डबा सापडला आहे, ज्याचा असेल त्यानं धुऊन न्यावा. एवढंच असायचं, पण सर वाचायचे असे की जणू युद्ध संपल्याची बातमी आहे. प्रत्येक वाक्याआधी घसा साफ, वाक्यानंतर मोठा थांबा. त्या थांब्यांनीच घात केला म्हणायचं, नाहीतर कर्ण्याच्या जुनाट तारेनं. खापर कुणावर फोडायचं ते तुम्ही ठरवा.

त्या सोमवारी चित्रकलेच्या बाईंनी त्यांच्याकडे एक निरोप दिला होता. अगदी साधा. शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर सभागृहात जमायचं, येताना घरातली जुनी वर्तमानपत्रं आणायची, कागदाचे मुखवटे करायचे आहेत. सरांनी घसा साफ केला.

“चित्रकलेच्या बाईंचा निरोप आहे.” मोठा थांबा. “शुक्रवारी, मधल्या सुट्टीनंतर, सभागृहात.” पुन्हा थांबा, आणि तेवढ्यात खर्रर्र करून कर्ण्यांनी मान टाकली.

पुढची वर्तमानपत्रं आणि मुखवटे सरांनी अगदी मन लावून वाचले, पण मुख्य इमारतीत ते कुणाच्याच कानावर पडले नाहीत. कर्णा चालू राहिला तो फक्त मैदानापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं आठवी ब बसायची आणि तिची तार वेगळी होती. पण आठवी बला विचारतो कोण?

बाई तेव्हा चित्रकलेच्या खोलीत ब्रश धूत होत्या. कर्णा मधेच बंद पडला, त्यात नवं काहीच नव्हतं. पण दुसऱ्या तासाला नववीची मुलं आली ती तोंडं पाडून. एरवी बाकं ओढण्यावरून मारामाऱ्या करणारी कार्टी गुपचूप जागेवर बसली. पुढच्या बाकावरच्या मुलीचे डोळे लाल झाले होते.

“बाई, तुम्ही चाललात?”

“कुठं?”

“शुक्रवारी तुमचा निरोप आहे ना.”

बाई हसल्याच. “अगं, निरोप म्हणजे सांगावा. मीच दिला होता निरोप.”

“म्हणजे तुम्हीच ठरवलंत?” मुलगी म्हणाली, आणि सगळा वर्ग हळहळला.

आता यांना काय सांगावं? बाईंनी फळ्यावर मुखवटा काढून दाखवला, वर्तमानपत्राचं सांगितलं, मी कुठेही जात नाहीये असं दोनदा म्हणाल्या. मुलांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. मोठी माणसं दुःख लपवतात हे त्यांना घरी बघून ठाऊक होतं.

शिक्षकांच्या खोलीत तर कहरच. गणिताचे सर म्हणाले, “आम्हाला परकंच केलंत की, बाई. कर्ण्यावरून कळावं का आम्हाला?” बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. गणिताचे सर गालात हसले आणि खात्री करायला रेडिओकडे वळले. “बाईंचा निरोप शुक्रवारीच ना?”

“हो तर,” रेडिओ म्हणाले. “मीच वाचला ना.”

हा सगळा प्रकार हसण्यावारी गेला असता. पण त्या वर्षी शाळेत हसण्यासारखी परिस्थिती नव्हती. वरून आदेश आला होता की चित्रकला आणि संगीत या दोन्हींना शिक्षक ठेवता येणार नाहीत, महिनाअखेरपर्यंत दोन्हींपैकी एक जागा कमी करा. मुख्याध्यापक, म्हणजे मोठे सर, निर्णय घ्यायचा म्हटलं की दुसरंच काम काढून बसायचे. त्यांनी ते घोंगडं भिजत ठेवलं होतं. बाई जुन्या, संगीताच्या ताई नव्या, तेव्हा आपण राहू असं बाईंनी मनाशी धरलं होतं. धरायलाच हवं होतं. घरी त्या आणि आई अशा दोघीच, त्यातली आई गुडघ्यांनी जागेवर बसलेली. आणि चित्रकलेच्या शिक्षकाला आजकाल कुठली शाळा दारात उभं करते?

म्हणून मधल्या सुट्टीत त्या तडक मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या. सर उठून उभे राहिले. असं ते कधीच करत नसत.

“बसा, बाई. माझी झोप उडाली होती हो. कुणाला कसं सांगावं तेच कळेना. तुम्ही आपणहून मोकळं केलंत मला.”

“सर, गैरसमज झालाय. तो निरोप मुखवट्यांचा होता.”

“कसला?”

“मुखवट्यांचा. मी जात नाहीये.”

मोठे सर बसले. टेबलावरचा पेपरवेट त्यांनी उजवीकडून डावीकडे ठेवला. मग पुन्हा उजवीकडे ठेवला, आणि बाईंना त्यांची चक्क कीव आली. ती यायला नको होती.

“मी सकाळीच वर कळवून बसलो,” ते शेवटी म्हणाले. “ताईंनाही सांगितलं की त्यांची जागा पक्की.”

“मग चूक झाली असं कळवा.”

“कळवतो की. कळवायला काय लागतं. पण मग ताईंना पुन्हा बोलावून सांगायचं की आता तुम्ही जा.” त्यांनी वर पाहिलं. “ते तुम्ही सांगाल का, बाई? मला नाही जमायचं.”

वा रे मोठे सर. निर्णय घ्यायचा त्यांनी, आणि सुरी दिली बाईंच्या हातात.

बाई बाहेर आल्या तर जिन्यापाशी ताई उभ्याच. त्यांचं वय काय, बाईंच्या जुन्या विद्यार्थिनींएवढं. नवरा अपघातानंतर अंथरुणावर, पोर अजून मांडीवरचं. ताईंनी बाईंना मिठी मारली आणि खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

“सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं,” ताई म्हणाल्या. “तुम्ही माझ्यासाठी केलंत, मला कळतंय.”

अहो, मी काहीच केलेलं नाही, कर्णा बिघडला होता. एवढं एक वाक्य. ते सोडून बाई नुसत्या ताईंच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. हा त्याग होता असं कुणी समजू नये. त्यागबिग काही नाही, बाईंना ताईंचा त्या क्षणी भयंकर राग आला होता. पण रडणाऱ्या माणसाच्या पाठीवरून हात फिरत असताना तोंडानं वेगळं बोलता येत नाही.

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. “तोंड दिलंय ना देवानं? मग सांग की सरळ.”

“उद्या सांगते.”

उद्या मंगळवार होता. मंगळवारी दहावीची मुलं रंगीत कागदांची पताका करताना दिसली आणि बाईंना बघून त्यांनी ती पाठीमागे लपवली. बुधवारी ग्रंथालयाच्या बाईंनी डोळे पुसत विचारलं, तुम्हाला शाल आवडेल की घड्याळ? बाई प्रत्येकाला सांगत होत्या, अगदी खरं सांगत होत्या, आणि सगळे त्यांच्या साधेपणाचं कौतुक करत होते. ताईंना मात्र त्यांनी सांगितलं नाही. ताई समोर आल्या की बाई जिना बदलायच्या.

गुरुवारी शिपाईमामा कागद घेऊन आले.

शाळेच्या फाटकाजवळ बातमीफळा होता. आठवड्याच्या बातम्या त्यावर रंगीत खडूंनी लिहायचं काम बाईंचं. त्यांचं अक्षर असं की रस्त्यावरची माणसं थांबून वाचायची. मोठ्या सरांनी नेहमीसारख्या बातम्या लिहून पाठवल्या होत्या. विज्ञान प्रदर्शनात सातवीला बक्षीस. पाण्याची टाकी धुवायची असल्यानं शनिवारी बाटल्या आणाव्यात. आणि खाली, वेगळ्या शाईनं, चित्रकलेच्या बाईंचा शेवटचा दिवस आणि निरोप समारंभ, शुक्रवार.

“हे मी लिहू?” बाई म्हणाल्या.

शिपाईमामांना कानकोंडं झालं. “मी लिहिलं तर लोक हसतील हो, बाई. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.”

बाईंनी फळा पुसला. प्रदर्शन लिहिलं, टाकी लिहिली. मग खडू हातात घेऊन उभ्याच राहिल्या. न लिहावं तर फळा अर्धा राहतो, आणि अर्धा फळा त्यांनी आजवर कधी सोडला नव्हता. चुकीची सवय म्हणा, पण हात चालायला लागला. निळ्या खडूनं ‘निरोप’, पिवळ्यानं कडा, भोवती वेलबुट्टी. ‘समारंभ’मधला भ जरा दाटीनं बसला, तो पुसून पुन्हा काढला. पूर्ण झाल्यावर त्या दोन पावलं मागं सरकल्या, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आता कुणालाही काही सांगायची सोय उरली नाही. त्यांच्याच अक्षरात होतं ते.

शुक्रवारी पहाटे आईला जाग आली ती स्वयंपाकघरातल्या वासानं. बाई मोठ्या पातेल्यात पीठ आणि पाणी ढवळत होत्या.

“खळ कशाला करतेस आता?”

“शुक्रवारी मुखवटे आहेत असं सांगितलंय मी,” बाई म्हणाल्या.

मधल्या सुट्टीनंतर सभागृह गच्च भरलं. बाईंना स्टेजवर मधल्या खुर्चीत बसवलं, खांद्यावर शाल आली. शेवटी घड्याळ नाही, शालच ठरली होती. गणिताचे सर बोलले, मुखवट्यांचा निरोप वेगळा आणि हा वेगळा अशी समजूत करून घेतलेले रेडिओ थांबे घेत घेत बोलले. मोठे सर म्हणाले की असा मनाचा मोठेपणा आजच्या काळात दुर्मीळ आहे. ताई पेटीपाशी बसून एकटक बाईंकडे बघत होत्या.

मग बाईंना बोलायला उठवलं. आत्ता नाही तर कधीच नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी माइक धरला. “मला एक सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “हा निरोप.” आणि त्यांची नजर ताईंवर गेली.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. आठवी ब आत आली. मैदान ओलांडून यायचं असल्यानं ती नेहमीच उशिरा यायची. सगळ्यांच्या डोक्यावर, काखेत, हातात सुतळीनं बांधलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे. धापा टाकत ती पोरं मधल्या वाटेनं थेट स्टेजपर्यंत आली आणि त्यांनी गठ्ठे धपाधप खाली टाकले. धूळ उडाली.

“हे काय आहे?” मोठ्या सरांनी विचारलं.

“बाईंचा निरोप होता ना, सर,” आठवी बची मॉनिटर म्हणाली. “जुनी वर्तमानपत्रं आणायची, मुखवटे करायचे. कर्ण्यावर सांगितलं होतं.”

रेडिओंनी हळूच मान वर करून भिंतीवरच्या कर्ण्याकडे पाहिलं. गणिताच्या सरांनी बुटांकडे पाहिलं. ताईंचा हात पेटीवरच राहिला, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. सगळ्यांना सगळं कळलं होतं. आता एकानं, फक्त एकानं बोलायचं होतं, आणि अख्खी शाळा मोठ्या सरांकडे बघत होती.

मोठे सर उभे राहिले. त्यांनी ओठ पुसले. बाईंना वाटलं, बोलतात. आणि सरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

“बघा,” ते म्हणाले, “जाता जातासुद्धा मुलांचाच विचार.”

एकेक करून सगळे वाजवू लागले. दुसरं काय करणार? टाळ्या चांगल्या लांबल्या. कुणालाच पहिल्यांदा थांबायचं नव्हतं.

आठवी बला टाळ्यांचं काही पडलेलं नव्हतं. ती गठ्ठ्यांच्या सुतळ्या सोडत बसली होती. “बाई,” मॉनिटरनं खालूनच विचारलं, “खळ आणलीत?”

“आणलीय,” बाई म्हणाल्या. “वर्गात बादलीत आहे.” शाल खुर्चीवर ठेवून त्या खाली उतरल्या, जमिनीवर बसल्या आणि पहिल्या कागदाची पट्टी फाडून दाखवली. “अशी. बारीक नको. आज तीन थर लावायचे आणि उन्हात ठेवायचे. घाई करायची नाही, ओल्यावर रंग बसत नाही. रंग आपण सोमवारी देऊ.”

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. पण आठवी बनं पट्ट्या फाडायला सुरुवात केली होती.

“हो बाई,” मुलं म्हणाली. “सोमवारी.”