तारीख नसलेली मुलाखत

माझ्या प्रबंधातल्या तीन पानांवर सरांनी लाल शाईनं मोठी फुली मारली होती.

"ताई, हे कुठून आणलंत?" राज्यशास्त्राचे सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान.

"आईनं सांगितलं."

"आई म्हणजे संदर्भ नव्हे. नियमावली वाचा. तोंडी माहितीला नाव, वय, ठिकाण, तारीख हवी. नाहीतर पानं काढा. सोमवारी मुदत संपते."

आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. तिथल्या बायकांनी एकदा अकरा दिवस संप केला. वर्तमानपत्रात एकच ओळ आली: गैरसमज दूर होऊन महिला स्वखुशीनं कामावर परतल्या. साफ खोटं! इस्त्रीच्या खोलीत कोंडून त्यांचे कागदावर अंगठे घेतले होते. पण ती ओळ छापलेली, म्हणून ती संदर्भ. आईनं शंभरदा सांगितलं ती बडबड.

तिनं सांगितल्याची तारीख माझ्याकडे नव्हतीच. आई सांगायची ती भांडी घासताना, माझी वेणी घालताना. आई काय, उद्याही आहेच, असं धरून चालले. गाढव मी.

तिच्या सोबतिणी एकेक करून गेल्या. रविवारी वही घेऊन आईसमोर बसले.

"आई, संपाचं सांग ना."

तिनं दाराकडे पाहिलं. "हळू बोला हो! संपबिंप काही नाही. आम्ही स्वखुशीनं आलो कामावर. साहेबांना तसंच सांगा."

"अगं, मी आहे."

"नर्सबाई ना तुम्ही? माझी मुलगी आली की तिला आत पाठवा. कॉलेजात जाते ती. फार शहाणी समजते स्वतःला."

"पाठवते," मी म्हटलं.

आईचं बोलणं मी शब्दन् शब्द तळटीपेत घातलं. नाव, वय, ठिकाण, तारीख, सगळं नियमाप्रमाणे. वरची तीन पानंही तशीच ठेवली.

सोमवारी सर म्हणाले, "ताई, तुमची तळटीपच तुमचं प्रकरण खोटं पाडतेय."

"दोन्ही तिचंच आहे, सर. एक घरी मला सांगितलेलं, एक कोंडून वदवून घेतलेलं."

"असं चालत नाही." त्यांनी प्रकरण नापास केलं.

काहीही चांगलं-वाईट घडलं की मी पहिलं आईला सांगायचे. सवयीनं तिच्याजवळ जाऊन बसले. आणि कुठल्याशा परक्या बायकांची गोष्ट सांगावी तसा तो संप सांगू लागले. आई मन लावून ऐकत होती. गोष्टीतल्या खोलीला कडी लागली तशी तिनं माझं मनगट धरलं.

"अगं बाई! मग पुढं काय झालं त्यांचं?"