तव्याचं हसू

मी तवा बोलतोय. जरा लांबूनच ऐका, अजून गरम आहे.

किकवीत, हायवेपासून थोडं आत, फुलाबाईंच्या घरी मी असतो. माझा जन्म सारोळ्याच्या पुलाजवळ, रस्त्याकडेच्या पालात झाला. लोहारणीनं भाता ओढला, लोहारानं ठोकून ठोकून मला आकार दिला. फुलाबाईंनी मला टिचकी मारून कान लावला. "ह्यो बोलका हाय, ह्योच द्या," म्हणाल्या. तेव्हा मला कळलं की मी बोलका आहे. मी हसतोसुद्धा, हे मात्र चुलीवर चढल्यावर कळलं.

गॅसवाल्यांसाठी सांगतो. चुलीवर माझ्या बुडाला काजळी धरते. भाकरी झाल्या की मला उतरवून पालथा टेकवतात. मग त्या काजळीत बारीक लाल ठिणग्या पळायला लागतात. इथं विझतात, तिथं पेटतात. त्याला म्हणतात, तवा हसला. "तवा हसला, पाव्हणा येनार," म्हणत फुलाबाई परातीत आणखी मूठभर पीठ घ्यायच्या.

सोनिया ही त्यांची सून, सासूला आत्या म्हणणारी. सातवी शिकलेली, लहानग्या सार्थकची आई, आणि भारी काळजी करणारी. पोर झोपलं तर एवढं का झोपलं, उठलं तर झोपत का नाही. ही काळजी पोटात मावेना, तेव्हा ती मोबाईलवर लिहायला लागली. त्याला ब्लॉग म्हणतात. नाव ठेवलं 'चुलीपुढची बडबड'. घरातल्या गमती लिहायची, कुठकुठल्या बाया वाचायच्या.

पण लिहून झालं की नवीन काळजी सुरू. "म्या चेष्टेनं लिवलं, पण माजं तोंड कुठं दिसतंय त्यांना? कुनी खरंच मानलं तर?" ते पिवळे हसरे गोळे तिनं लावून पाहिले. ओळभर लावले तरी समाधान होईना. मग तिनं स्वयंपाकघरातल्याच खुणा काढल्या. खोटं खोटं रडायचं असलं की ओळीपुढं लिहायची, (कांदा चिरतेय). टोमणा असला की (फोडणीचा ठसका). नवऱ्याची लाडानं तक्रार करून पळायचं असलं की (दूध उतू चाललंय, आले!). आणि सगळंच लिखाण थट्टेचं असलं की शेवटी माझा फोटो, पालथा, ठिणग्यांसकट. म्हणजे हसा.

फोटोसाठी मला पालथा कोण धरायचं? फुलाबाईच! उभ्या जन्मात माझं बूड घराबाहेरच्या कुणी पाहिलं नव्हतं, आता सगळा तालुका पाहत होता.

एक दिवस लाकडं संपली. भाकरी गॅसवर झाल्या. गॅसवर मला काजळी धरत नाही, मग हसू कुठून येणार? आणि नेमकं त्याच दिवशी सोनियानं लिहिलं, "आमच्या घरात शिंकायलाबी परवानगी लागते. सार्थक शिंकला की आत्या माझ्याकडं बघतात. पंखा कुणी लावला? आंबट कुणी खाल्लं? जीव नकोसा होतो बाई!" फोटो उद्या लावू म्हणून तिनं ते तसंच सोडलं.

सकाळी लिखाणाखाली बायांच्या उत्तरांची रांग. "ताई, वेगळं निघा." "कसं सोसता हो?" तेवढ्यात नसरापूरला दिलेल्या नणंदेचा, शेफालीचा फोन आला. सोनियाचे हात पिठात, म्हणून फोन स्पीकरवर.

"वैनी, आयनं तुजा जीव नकोसा केलाय व्हय? माज्या जावेनं वाचून दावलं मला!"

फुलाबाई दारातच उभ्या होत्या.

"आत्या, चेष्टा होती वो ती."

"चेष्टा? मंग खाली तवा का न्हवता?"

"लाकडं न्हवती..."

"म्या काळजीनं इचारते, बाई. आता न्हाई इचारनार."

आणि त्यांनी शब्द पाळला. बोलणं बंद. त्याहून वाईट म्हणजे सार्थकला मांडीवर घेणं बंद. पोर दोन्ही हात वर करून पुढं उभं राहायचं आणि त्या पदर सावरत परसात निघून जायच्या. मग सोनियाच त्याला उचलून घ्यायची. "बंदच करते ही बडबड," ती माझ्याकडं बघून पुटपुटली. "घर मोडून काय लिवायचं?" मी थंडगार.

दोन दिवसांनी तिनं लाकडं आणून चूल पेटवली. फुलाबाई भिंतीकडं तोंड करून तांदूळ निवडत बसल्या. भाकरी होत आल्या आणि सार्थक शिंकला. चांगली मोठ्या माणसासारखी शिंक! फुलाबाई तांदूळच निवडत राहिल्या. तो पुन्हा शिंकला. फुलाबाईंनी ओठ घट्ट मिटले. पोरानं तिसरी काढली मात्र...

"आगं, पंखा कुनी लावला त्येच्याम्होरं?"

सोनिया त्यांच्याकडं बघत राहिली. फुलाबाईंनी पंखा बंद करायला वर पाहिलं. स्वयंपाकघरात पंखा नव्हताच. कधीच नव्हता!

आधी सोनिया फिसकन हसली. फुलाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू पदरात राहीना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दोघी हसल्या. सार्थक केव्हाच मांडीवर जाऊन बसला होता. त्याचं नाक पुसून फुलाबाईंनी मला उतरवलं आणि पालथा धरला. मी इतका हसलो, इतका हसलो, की बुडाला काळी जागा राहिली नाही.

"काढ फोटू," त्या म्हणाल्या. "आन् खाली माज्या नावानं लिव. सार्थकला शिंकायची परवानगी दिली हाय. सुनंचा इचार चाललाय."

दुसऱ्या दिवशी शेफाली हजर. "तवा हसला, म्हनून आले!" तिच्या वाटणीचं पीठ आधीच मळून ठेवलेलं होतं.

आता मी मधे जरा खोलगट झालोय, पण भाकरी अजून टम्म फुगते. तुम्हाला एवढंच सांगणं, मला वरून हवं तेवढं घासा, बूड तेवढं राहू द्या. आणि आपल्या माणसानं लिहिलेलं वाचताना त्याचा आवाज आठवून वाचा. आठवला नाही, तर घरी जाऊन ऐका.

सरका आता. सोनियानं काडी ओढली.