पहिलं नाव धाकट्याचं

शिलाई मशीन दुरुस्त करायला धाकट्या भावाला मीच शिकवलं. पेचकस कसा धरायचा इथपासून. आणि आता मोबाईलवर 'शिलाई मशीन दुरुस्ती' लिहिलं की पहिलं नाव त्याचं. माझं कुठेच नाही. आठ पानं खाली जाऊन मी रोज बघते. त्याचं पान मात्र कधी उघडलं नाही. एवढा मान त्याला कशाला द्यायचा? पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू?

"पैसे चारले असतील त्याने," मी लेकीला म्हटलं.

"मामाने? काहीतरीच." ती समोर बसून बॉबिन पुसत होती. "आई, सर्च इंजिन तू विचारल्यावर शोधायला निघत नाही. ते आधीच लोकांची पानं वाचून, कुठला शब्द कुठे आहे याची सूची करून ठेवतं. शिवाय इतर पानं ज्याच्याकडे बोट दाखवतात त्याला वर घेतं. मामाकडे तीन शिवणक्लास बोट दाखवतात."

"आणि मी?"

"तू कधी चार ओळी लिहिल्यास? ते काय तुझं मन वाचणार?"

हातची विद्या कागदावर उतरवायची नसते, असं आमचे बाबा म्हणायचे. मी ते पाळलं. धाकट्याने सगळं चव्हाट्यावर मांडलं, आणि गिऱ्हाइकं त्याच्याकडे.

शेवटी चोरी पकडायची म्हणून मी त्याचं पान उघडलं. टाके सुटतात? सुई उलटी बसली नाही ना, बघा. दोरा गुंततो? बॉबिनखालचा कचरा काढा. एकेक वाक्य माझं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. तळाशी लिहिलं होतं, 'खूप जुनं, कुणालाच न जमणारं मशीन माझ्याकडे आणू नका. मागच्या गल्लीत माझी ताई आहे, तिच्याकडे न्या. मला तिनेच शिकवलं.' पुढे माझा पत्ता आणि फोन.

गेली दोन वर्षं माझ्याकडे लांबून लांबून जुनी मशिनं येत होती. मला वाटायचं, आपला लौकिक. कुणी पाठवलं, असं मी एकालाही विचारलं नव्हतं. आणि हीच दोन वर्षं मी धाकट्याला दारात उभं केलं नव्हतं. लाज वाटली, पण त्याहून राग जास्त आला. चांगुलपणातही पहिला नंबर त्याचाच.

"माझं पान कर," मी लेकीला म्हटलं.

मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. बाबांची मनातल्या मनात माफी मागितली. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "आपण कुणाकडे बोट दाखवायचं?"

मी हातातला स्क्रू पिळत राहिले. तो केव्हाच घट्ट झाला होता.

"लिही," मी म्हटलं. "साधी मशिनं माझ्या धाकट्या भावाकडे न्या. हात चांगला आहे त्याचा."

ती लिहायला लागली.

"आणि 'साधी' गाळू नकोस."