थांबवलेलं पाणी

फादरांनी आयुष्यात आलेल्या बहुतेक पत्रांना उत्तरं दिली होती. बिशपांच्या, मुख्याध्यापकांच्या, अगदी मिस्साच्या वेळी माईक खरखरतो म्हणून वैतागलेल्या भाविकांच्याही. एकच पत्र राहिलं होतं. ते धाकट्या बहिणीचं होतं आणि त्यात एकच ओळ होती : ‘दादा, तू एवढा शिकलास, तर सांग, माझं बाळ कुठे आहे?’

बाळ चांगलं गुटगुटीत होतं. बाप्तिस्म्याचा पांढरा झगा शिवून तयार होता. पण दादाची गुरुदीक्षा तोंडावर आलेली, तो फादर होणार होता. त्यानेच कळवलं, ‘थोडं थांब. पहिला बाप्तिस्मा आपल्याच बाळाचा, माझ्या हातून.’ ती थांबली. बाळ थांबलं नाही. ताप चढला आणि गावच्या फादरांना कुणी बोलवायच्या आत सगळं आटोपलं. अशा वेळी कुणीही पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतं, अगदी आईसुद्धा, हे शेजारणीने तिला नंतर सांगितलं. बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून बाळाला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरलं.

दादाने तेव्हा पुस्तकं उघडली. बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं लिंबो नावाच्या जागी जातात, असं त्यांत होतं. तिथे दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. हे सख्ख्या बहिणीला कुठल्या तोंडाने लिहायचं? आणखी वाचतो, मग लिहितो, असं म्हणता म्हणता केस पिकले. भेटी होत, एका टेबलाशी जेवण होई. तिने पुन्हा विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आता ते निवृत्त फादरांच्या घरात राहत होते. गुडघे गेले होते, पुस्तकं मात्र सोबत आली होती. एका दुपारी भाचीचा फोन आला.

“मामा, आई ऐकत नाही हो. डॉक्टरांनी आशा सोडलीय. इथले फादर शेवटचं तेल लावून प्रार्थना करायला आले, तर हिने भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणते, बाळ स्वर्गात नसेल तर मला तिथे काय करायचंय?”

“तिला फोन दे.”

पलीकडे कुजबुज झाली. “नको म्हणते. तोंडी तो फार छान बोलतो, म्हणते. त्याला म्हणावं, लिहून दे.”

फादर टेबलाशी बसले. सवयीने हात पुस्तकांकडे गेला. शेजारच्या खोलीतले फादर आत डोकावले. आयुष्यभर धर्मपीठाच्या न्यायालयात काम केल्यामुळे त्यांना सगळे वकील म्हणत.

“परीक्षा आहे की काय?” वकील म्हणाले. सगळं ऐकल्यावर तेही खुर्चीत टेकले. “अरे, लिही की स्वर्गात आहे. खात्रीने लिही. तुझी उलटतपासणी कोण घेणार आहे?”

“तीच घेईल. वर गेल्यावर.”

“मग काय आहे तुझ्याकडे?”

“आशा. चर्चकडेही तेवढीच आहे.”

“तेवढीच लिही मग,” वकील म्हणाले आणि पाय ओढत निघून गेले.

फादरांनी पुस्तकं बाजूला सारली. अक्षर वाकडंतिकडं येत होतं.

‘चिमे, बाळ कुठे आहे हे मला माहीत नाही. लिंबो हा पंडितांचा तर्क होता, श्रद्धेचा नियम कधीच नव्हता. चर्च आता अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतं आणि आशा धरायला सांगतं. मीही धरतो. शेजारीण म्हणाली ते खरं आहे, तू पाणी घालू शकली असतीस. पण ते तुला कुणी शिकवलं नव्हतं, आणि थांब म्हणणारा मी होतो. पहिला मान मला हवा होता. देवाला जाब विचारायचाच असेल तर तो मला विचारील, बाळाला कशाला? तेल लावून घे. स्वर्ग माग. बाळ तिथे असेल, अशी आशा धरूनच माग. तुझा दादा.’

एक संदर्भ तपासावा असं वाटलं. नाही तपासला. पाकीट चिकटवलं, काठी घेतली.

कोपऱ्यावर पोस्टमन पेटी रिकामी करत होता.

“द्या इकडेच, बाबा. गावातलंच आहे, उद्या सकाळी पोचेल. घाईचं आहे का?”

“हो,” फादर म्हणाले. “जरा उशीर झालाय.”

पोस्टमनने पत्र थैलीत टाकलं.