मठासाठी केलेली खीर

पुढच्या सीटवर पॅट बसली आणि मी मागे, मांडीवर खिरीचा डबा धरून.

"आई, तिच्या हिपचं ऑपरेशन झालंय ना. मागे बसलं की पाय आखडतात तिचे," केतन म्हणाला.

माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत? पण माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला मुलगा नागपुरात असायला हवा. हा दोन हजार सातपासून अ‍ॅडलेडला, मॉसन लेक्स नावाच्या उपनगरात. त्या वर्षी आमच्या एकट्या कॉलनीतून चार पोरं शिकायला ऑस्ट्रेलियाला गेली, त्यातला हा एक. युनिव्हर्सिटीजवळ विद्यार्थ्यांना खोल्या मिळेनात, तेव्हा या पॅटने तिच्या घरातली मागची खोली त्याला भाड्याने दिली. आता त्याचा पदवीदान समारंभ झाला, त्यासाठी मी आले. आल्यापासून बघतेय, भाडेकरू कोण आणि पोटचा मुलगा कोण, काही कळायला मार्ग नाही. तो तिच्या गोळ्या आणतो, तिचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवतो, तिला चहा किती कडक लागतो ते त्याला पाठ. ती त्याला 'लव्ह' म्हणते. मलाही म्हणते, पण माझं सोडा.

सरळच सांगते, मला तिचा हेवा वाटत होता. रोज सकाळी पंचशील घेणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकेने असं बोलू नये. पण वाटत होता तर वाटत होता.

आणखी एक गोष्ट मनात सलत होती. तो निघाला तेव्हा मी त्याच्या बॅगेत आमची छोटी पितळी बुद्धमूर्ती ठेवली होती, दीक्षाभूमीवरून आणलेली. त्याचे बाबा, दादाराव, गेल्यावर तिच्यासमोर आम्ही मायलेक रोज वंदना म्हणायचो. इथे त्याने स्वतःची खोली मला दिली आणि आपण हॉलमध्ये सोफ्यावर झोपायला लागला. त्या खोलीत मूर्ती नव्हती. कपाटात नाही, खिडकीत नाही. विचारलं तर म्हणाला, "आहे आई, ठेवलीय नीट." कुठे ते सांगेना. पहाटेच तो बेकरीच्या शिफ्टला निघून जायचा, त्यामुळे मी वंदनेला बसायचे तेव्हा घरात नसायचाच. मी समजायचं ते समजले. पोराने सगळं सोडलंय. आणि एकदा हे सोडलं की मग परत यायचं तरी कशासाठी?

तो परत येणार की नाही, एवढंच मला नागपूरला जायच्या आधी कळायला हवं होतं. विचारायची हिंमत होत नव्हती.

आजची सहल पॅटनेच ठरवली. नदीने डोंगर कापत केलेली खोल घळ, दोन्ही काठांना द्राक्षांचे मळे, आणि वर दोन जुने मठ. एक ओस पडलेला, दुसऱ्यात अजून मंक्स राहतात. ते ऐकलं आणि मी ठरवून टाकलं. मठात रिकाम्या हाताने जायचं नसतं. ख्रिस्ती असले म्हणून काय झालं, घरदार सोडलेला माणूस तो भिक्षूच. सकाळी लवकर उठून मी खीर केली, पुऱ्या तळल्या. मात्र भोजनदान बाराच्या आत पोचायला हवं. दुपार झाली की भन्ते जेवत नाहीत, हे आमच्याकडचं शाळकरी पोरही सांगेल.

पॅटला कसली घाई! वाटेत आधी तिने लुकआउटवर गाडी थांबवायला लावली. जागा सुंदर होती, खोटं कशाला बोलू. तांबूस कडे सरळ खाली उतरलेले, तळाशी संथ हिरवट पाणी, काठाने पांढऱ्या बुंध्यांची गमची, म्हणजे निलगिरीची झाडं, समोरच्या उतारावर पिवळे पडत चाललेले मळे. कोकॅटू, तिथले पांढरे पोपट, कर्कश ओरडत होते.

"समोरचा मठ दीडशे वर्षांचा आहे," पॅटने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

मी अजिंठा पाहिलेली बाई. नुसतं "व्हेरी नाइस" म्हटलं. नदीचं नाव केतनने दोनदा सांगितलं, ते मुद्दामच लक्षात ठेवलं नाही.

तिथे कठड्याला टेकून केतनने पिशवीतून मँडरिन काढलं. आपल्या संत्र्याचंच भावंड, जरा लहान. त्याने साल काढली, एक फोड सुटी केली, तिच्यावरचा एकेक पांढरा धागा नखाने ओढून काढला आणि ती फोड पॅटच्या तळहातावर ठेवली. मग दुसरी. मी बघतच राहिले. हे मी करायचे! लहानपणी तापाने फणफणला की त्याला संत्र्याची फोड लागायची, आणि एक धागा जरी राहिला तरी थुंकून टाकायचा. मी ज्या हातोटीने धागे काढायचे ती त्याने जशीच्या तशी उचलली होती, आणि कामाला कोणाच्या आली?

मला त्याने अख्खं मँडरिन दिलं. "घे आई." मी ते पर्समध्ये कोंबलं.

पुढे एका मळ्यात पॅटला वाइन चाखायची होती. काउंटरमागच्या मुलीने तीन ग्लास मांडले. मी हात मागे घेतला आणि केतनकडे बघत उभी राहिले. मद्य घेणार नाही हे पाचवं शील, त्याला ते बोबडं बोलायचा तेव्हापासून येतं.

त्याने आपला ग्लास पॅटकडे सरकवला. "कान्ट, मेट. आय अ‍ॅम ड्रायव्हिंग."

ड्रायव्हिंग! म्हणजे शीलबील काही नाही, गाडी चालवायची आहे म्हणून. ते ऐकून माझा उरलासुरला धीर सुटला.

"केतन, बाराच्या आत पोचायचंय मला."

"नो वरीज आई, ते कुठे पळून जातायत?"

पॅट मात्र तिन्ही ग्लासांचा आस्वाद घेत, त्या मुलीशी पावसापाण्याच्या गप्पा मारत बसली. आम्ही मठाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा आतली घंटा वाजत होती आणि सूर्य डोक्यावरून कललेला होता.

"झालं!" मी गाडीतून उतरता उतरता फुटले. "आता हा डबा घेऊन जायचा घरी. एक काम सांगितलं होतं तुला, एकच. तुझ्या या बाईच्या वाइनपायी माझं दान बुडालं."

माझा आवाज चढलेला ऐकून गुलाबांना पाणी घालणारे एक म्हातारे मंक जवळ आले. काळा झगा आणि पायात रबरी बूट. केतनने ओशाळून त्यांना सगळा प्रकार सांगितला. ते खळखळून हसले आणि काहीतरी म्हणाले.

"आई, ते म्हणतायत, आम्ही आता एक वाजता जेवतो. मग संध्याकाळी परत जेवतो. आणि मधे आचाऱ्याची नजर चुकवून जमेल ते."

दोनदा जेवणारे भिक्षू! पॅट हसली, केतन हसला. मी सकाळपासून त्यांच्या मागे लावलेला सगळा धोशा फुकट होता. माझे कान तापले. पण खीर तर नासली नव्हती.

मी चपला काढल्या, व्हरांड्याच्या दगडी फरशीवर गुडघे टेकून बसले आणि दोन्ही हातांनी डबा पुढे केला. मंक गडबडले. वाकून त्यांनी डबा घेतला, दोनदा थँक्यू म्हणाले आणि तसेच उभे राहिले. मी हात जोडून बसूनच. दान घेतल्यावर भन्ते आशीर्वादाच्या गाथा म्हणतात, त्याशिवाय दान पुरं होत नाही. त्या बिचाऱ्यांना काय माहीत! ते केतनकडे बघायला लागले. फिरायला आलेलं एक कुटुंब थबकून माझ्याकडे बघत होतं. उठावं तर दान अर्धवट, बसून राहावं तर आणखी हसं.

तेवढ्यात केतनने बूट काढले. माझ्या शेजारी येऊन मांडी घालून बसला, हात जोडले आणि गाथा म्हणायला लागला.

कुठे अडखळला नाही. एक अक्षर गिळलं नाही. चाल दादारावांची, श्वास घ्यायची जागासुद्धा त्यांचीच. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सोडलं नव्हतं पोराने. पॅटने त्याचा चहा घ्यावा, त्याची संत्री खावीत, काय हवं ते घ्यावं, हे तरी माझं होतं. शेवटची ओळ तिसऱ्यांदा म्हणून तो थांबला. ऐकणाऱ्याने शेवटी तीनदा 'साधु' म्हणायचं असतं. मी तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला.

"साधु, साधु, साधु."

पॅट. काठी कोपरात अडकवून, हात जोडून उभी. बरोबर जागी, बरोबर अंतर ठेवून, आणि तिसऱ्या 'साधु'ला मान लववून, जशी आमच्या विहारात सगळे लववतात.

हे एका दिवसात शिकता येत नाही. वर्गात कॉपी पकडल्यावर लागायचा तो आवाज मला लागला. "हू टॉट यू?"

पॅटने केतनकडे बघितलं. "तू अजून सांगितलं नाहीस आईला?"

केतन आपल्या मोज्यांकडे बघत राहिला. मग तिनेच सांगितलं. गेल्या हिवाळ्यात ऑपरेशननंतर दुखण्याने तिला झोप लागेना. एका संध्याकाळी हा त्याचा छोटा बुद्ध घेऊन आला, तिच्या उशाशी टेबलावर ठेवला आणि जमिनीवर बसून वंदना म्हणाला. तिला झोप लागली. तेव्हापासून रोज संध्याकाळी. मूर्ती अजून तिच्याच उशाशी आहे. मी आल्यापासून वंदना मात्र बंद होती, आईला आधी सांगतो असं तो म्हणाला होता म्हणून.

"तुला आवडणार नाही असं वाटलं," केतन पुटपुटला.

नव्हतंच आवडलं. मी दिलेली मूर्ती त्या बाईच्या उशाशी! नागपूरला रोज मी एकटी वंदना म्हणते आणि शेवटी साधुही मीच म्हणते. आणि इथे माझ्या मुलाचा आवाज रोज ऐकायला कोण, तर ही. सकाळपासून जळत होते ते काहीच नव्हतं, असं जळले मी त्या व्हरांड्यात.

परतताना पॅटने मला पुढे बसायचा आग्रह केला. मी नको म्हटलं आणि मागेच बसले. डबा गेला होता, मांडी मोकळी होती. केतनने आरशातून दोनदा माझ्याकडे बघितलं.

परत येणार का, हा प्रश्न मी विचारला नाही. मूर्ती बॅगेत तशीच पडून राहिली असती, तर कधी ना कधी तो बॅग उचलून घरी आला असता. त्याने ती इथे मांडली होती, आपल्या घरात मांडतात तशी.

पर्समधून मी मँडरिन काढलं. सोललं, सगळे धागे काढले, आणि पहिली फोड मागून हात लांब करून केतनला भरवली. गाडी चालवता चालवता त्याने ती लहानपणी घ्यायचा तशीच ओठांनी उचलली. पॅट वळून बघत होती. बाकीच्या सगळ्या फोडी मी तिच्यादेखत एकटीने खाल्ल्या.